ग्रॅन्युलोसा पेशींवर संदेशरेणूंचा परिणाम कसा तपासायचा

वाढघटकाची कुपी उघडण्याआधी वहीत एक ओळ लिहा: ग्रॅन्युलोसा पेशी किती मिलिमीटरच्या फॉलिकलमधून काढल्या. (फॉलिकल म्हणजे अंडाशयातली, अंडपेशी वाढवणारी द्रवाची पिशवी; ग्रॅन्युलोसा पेशी तिच्या आतल्या अस्तरात असतात.) बाकी सगळं नंतर.

मी प्रयोगशाळेतली सेल कल्चरची खोली सांभाळते. नवीन संशोधक विद्यार्थी येतात ते बहुधा रेणूचं नाव पाठ करून येतात. "मॅडम, ईजीएफ देऊन बघायचंय, पेशी वाढतात का." वाढतात की! पण कुठल्या पेशी, आणि वाढताना त्या कुठलं काम सोडून देतात, असं विचारलं की वही कोरी. छोट्या फॉलिकलमधल्या ग्रॅन्युलोसा पेशीला ईजीएफ हा वाढघटक विभाजनाकडे ढकलतो आणि तिचं इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) बनवणं दाबतो. त्याच रिसेप्टरवर बसणारे त्याचे भाऊबंद, म्हणजे अँफिरेग्युलिन, एपिरेग्युलिन आणि बीटासेल्युलिन, अंडमोचनाच्या तोंडावर असलेल्या फॉलिकलमध्ये तयार होतात. तिथे मात्र विभाजन थांबतं आणि पेशी ल्युटियल, म्हणजे अंडमोचनानंतरची प्रोजेस्टेरॉन बनवणारी पेशी, होण्याच्या वाटेला लागते. रिसेप्टर तोच, आत संदेश पुढे नेणारा ईआरके तोच, निकाल उलटा. म्हणून मी रेणूपासून नाही, पेशीपासून सुरुवात करायला लावते.

पेशी कुठल्या घ्यायच्या

कत्तलखान्यातून आणलेली गाय, म्हैस, मेंढी किंवा डुकराची अंडाशयं, आयव्हीएफमध्ये अंडपेशी काढताना निघणाऱ्या मानवी पेशी, नाहीतर सेल लाइन. यातलं काहीही वापरा, पण कशात काय खोट आहे ते माहीत हवं.

मानवी पेशींसाठी नीतिसमितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती लागते, हे सांगायला नको. त्यापुढची अडचण जैविक आहे. अंडपेशी काढण्याच्या साधारण ३४ ते ३६ तास आधी बहुतेक वेळा एचसीजी या एलएचसारख्या हार्मोनचं इंजेक्शन दिलेलं असतं. म्हणजे त्या पेशींना एलएचचा, म्हणजे अंडमोचन घडवणाऱ्या हार्मोनचा, संदेश मिळून गेलेला असतो आणि त्यांचं ल्युटियल रूपांतर सुरू झालेलं असतं. प्रोजेस्टेरॉनचा अभ्यास असेल तर उत्तम. एफएसएचने (फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनने) अरोमाटेज हे इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम कसं चढतं हे ताज्या पेशींत बघायचं असेल, तर चुकीच्या गाडीत बसलात.

सेल लाइनमध्ये केजीएन सर्वांत प्रचलित. २००१ साली प्रसिद्ध झालेली ही लाइन ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीतून आलेली आहे आणि तिच्यात एफओएक्सएल२ जनुकातला सी१३४डब्ल्यू हा बदल आहे. प्रौढ प्रकारच्या ग्रॅन्युलोसा गाठींपैकी बहुसंख्य गाठींत तो सापडतो, हे २००९ मध्ये कळलं. एफओएक्सएल२ हा ग्रॅन्युलोसा पेशीची ओळखच टिकवणारा घटक आहे, तेव्हा केजीएनमध्ये दिसलेली प्रत्येक गोष्ट निरोगी पेशीला लावू नका. सीओव्ही४३४ चं प्रकरण याहून वाईट. वर्षानुवर्षं ती ग्रॅन्युलोसा गाठीची लाइन म्हणून वापरली गेली, आणि पुढे ती अंडाशयाच्या एका वेगळ्याच, लहान पेशींच्या कर्करोगातली निघाली. जुने शोधनिबंध वाचताना हे लक्षात असू द्या.

माझी पसंती कत्तलखान्यातल्या अंडाशयांना. काम घाणेरडं आहे, पण पेशी खऱ्या असतात आणि फॉलिकल मोजता येतं.

काढणी

अंडाशयं प्रतिजैविक घातलेल्या कोमट सलाइनमध्ये, थर्मासमधून आणायची. बर्फात नाही. आल्यावर भोवतीचे ऊतक कापून टाका, अल्कोहोलमधून एकदा झटकन काढा आणि सलाइनने भरपूर धुवा. मग पट्टी घ्या. गाईच्या अंडाशयात २ ते ५ मिलिमीटरची फॉलिकल्स एका नळीत, ८ मिलिमीटरच्या वरची दुसऱ्या नळीत. मधली सरळ सोडून द्या. साधारण ८.५ मिलिमीटरच्या आसपास एक फॉलिकल बाकीच्यांना मागे टाकून पुढे जातं, आणि त्याच सुमारास त्याच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर एलएचचे रिसेप्टर दिसू लागतात. मधल्या आकारात ज्यांचं ठरलंय आणि ज्यांचं ठरायचंय अशा दोन्ही पेशी असतात. ती खिचडी प्रयोगात नको. गढूळ किंवा रक्ताळलेलं फॉलिकलही सोडा, ते बहुधा मरणपंथाला लागलेलं असतं.

सुईने द्रव ओढला की त्यात अंडपेशी आणि तिला चिकटलेल्या क्युम्युलस पेशीही येतात. जाळीतून गाळून त्या वेगळ्या करा, कारण अंडपेशी स्वतः मोठी बोलघेवडी आहे; तिच्याबद्दल पुढे येतंच. भिंत खरवडून पेशी काढणाऱ्यांनी हात हलका ठेवावा. जोर लावला की बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे मधला पातळ पडदा, फाटते आणि फॉलिकलच्या बाहेरच्या थरातल्या थीका पेशी येतात. त्या आल्या की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक बॅचमधून थोडा आरएनए काढून सीवायपी१७ए१ तपासायचं. हे जनुक थीकाचं. ते चढलेलं दिसलं तर ती बॅच बाद.

हा आग्रह का, तर इस्ट्राडायॉल बनवणं हे दोन पेशींचं सामाईक काम आहे. एलएचच्या सांगण्यावरून थीका पेशी अँड्रोस्टेनडायोन बनवते, आणि एफएसएचच्या सांगण्यावरून ग्रॅन्युलोसा पेशी अरोमाटेज वापरून त्याचं इस्ट्रोजेन करते. तुमच्या प्लेटमध्ये थीका लपून बसली असेल, तर इस्ट्राडायॉल कुणाच्या संदेशाने वाढलं हे सांगता येणार नाही. उलट थीका अजिबात नसेल तर कच्चा माल तुम्हालाच द्यावा लागतो: माध्यमात १०⁻⁷ मोलर अँड्रोस्टेनडायोन. हे विसरून "एफएसएच चालत नाही" असा निष्कर्ष काढणारे दरवर्षी भेटतात.

मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूमध्ये निम्म्याच्या आसपास पेशी निळ्या दिसल्या तरी घाबरू नका. ताज्या ग्रॅन्युलोसा पेशींत ते नेहमीचं आहे. मोजताना फक्त जिवंत पेशी धरा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये मी वेलमागे पाऊण ते एक लाख जिवंत पेशी टाकते. हा आकडा प्रयोगाच्या मध्येच बदलायचा नाही. दाटी वाढली की पेशी कुठल्याही हार्मोनशिवायही ल्युटियल रंग दाखवू लागतात.

सीरम आणि इन्सुलिनचा सापळा

ग्रॅन्युलोसा पेशींना १० टक्के सीरम दिलं की त्या दोन-तीन दिवसांत पसरतात, लांबुळक्या होतात आणि तळाला छान चादर पसरल्यासारख्या दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, काय मस्त वाढल्यात! पण त्यांचं अरोमाटेज गेलेलं असतं आणि प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. निरोगी, इस्ट्रोजेन बनवणाऱ्या पेशी दिसायला तितक्या देखण्या नसतात. त्या गोलसर राहतात आणि पुंजके करून बसतात. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पुंजके दिसले की मी खूश, चादर दिसली की प्लेट बाजूला.

म्हणून सीरमविना माध्यम. डीएमईएम आणि एफ१२ या पोषक माध्यमांचं मिश्रण, ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), ट्रान्सफेरिन, सेलेनियम, अँड्रोस्टेनडायोन. त्यात १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एफएसएच, १ नॅनोग्रॅम आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखा वाढघटक) आणि १० नॅनोग्रॅम इन्सुलिन. फिनॉल रेड नसलेलं माध्यम घ्या, कारण त्या रंगालाही थोडा इस्ट्रोजेनसारखा गुण आहे.

इन्सुलिनच्या आकड्यापाशी थांबा. बाजारात इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमचं तयार मिश्रण मिळतं. सांगितल्याप्रमाणे पातळ केलं की त्यात इन्सुलिन ५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, म्हणजे वरच्या मात्रेच्या पाचशे ते हजार पट. इतक्या मात्रेत इन्सुलिन स्वतःच्या रिसेप्टरपुरतं राहत नाही, आयजीएफ-१ च्या रिसेप्टरवरही जाऊन बसतं. मग तुम्ही वरून आयजीएफ-१ घालता, काहीच फरक दिसत नाही, आणि अहवालात लिहिता की या पेशींना आयजीएफ-१ लागत नाही. प्रत्यक्षात त्याची जागा आधीच भरलेली होती. तयार मिश्रण वापरायचं तर वापरा, पण मग आयजीएफबद्दल एक शब्दही बोलू नका.

पहिले ४८ तास इस्ट्राडायॉल खाली जातं, मग योग्य माध्यमात ते सावरतं आणि सहाव्या दिवसापर्यंत चढत राहतं. पी हळद आणि हो गोरी असा हा प्रकार नाही. दर ४८ तासांनी माध्यम बदला, काढलेलं माध्यम उणे २० अंशांवर ठेवा. स्टेरॉइड त्यातच मोजायचे आहेत.

एफएसएचपासून सुरुवात

कुठलाही नवा रेणू तपासायचा असला तरी पहिली प्लेट एफएसएचची लावा. पेशी शुद्धीवर आहेत की नाहीत हे तिच्यावरून कळतं. एफएसएच रिसेप्टरवर बसला की आत सायक्लिक एएमपी वाढतं, त्याने प्रोटीन कायनेज ए जागं होतं, ते क्रेब या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, आणि अरोमाटेजचं जनुक, सीवायपी१९ए१, चालू होतं. पण एवढ्यावर भागत नाही. पीआय३के आणि एकेटी या एन्झाइमांची दुसरी वाटही लागते, आणि तिला जोर आयजीएफ-१ देतो. एकेटी जागं झालं की एफओएक्सओ१ हा घटक केंद्रकातून बाहेर काढला जातो आणि त्याने दाबून ठेवलेली जनुकं मोकळी होतात. उंदराच्या ग्रॅन्युलोसा पेशींतून आयजीएफ-१ चा रिसेप्टरच काढून टाकला तर एफएसएच असूनही फॉलिकल्स पुढे वाढत नाहीत. दोघं मिळून जे करतात ते एकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त असतं, म्हणून प्लेटवर चार गट हवेतच: काहीच नाही, फक्त एफएसएच, फक्त आयजीएफ-१, दोन्ही.

मात्रा चढवत नेताना सरळ रेषेची अपेक्षा ठेवू नका. गाईच्या पेशींत एफएसएचचा परिणाम १ नॅनोग्रॅमच्या आसपास शिखराला पोचतो आणि पुढे उतरतो. "जास्त दिलं की जास्त मिळेल" म्हणून १०० नॅनोग्रॅम घालणाऱ्यांना नेमकं उलटं दिसतं.

एफएसएचला उत्तरच मिळालं नाही तर फोर्सकोलिन द्या, १० मायक्रोमोलर. हे कोलियस कुळातल्या वनस्पतीच्या मुळातून मिळतं आणि रिसेप्टरला वगळून थेट अॅडेनिलिल सायक्लेजला चालना देतं. फोर्सकोलिनने अरोमाटेज चढलं आणि एफएसएचने नाही, तर आतली यंत्रणा शाबूत आहे, रिसेप्टर गेलाय. दोन्हींनी नाही चढलं तर पेशीच गेल्यात. नवीन अंडाशयं मागवा. या एका वेलने माझ्या खोलीतल्या कितीतरी चर्चा संपवल्या आहेत.

अंडपेशीची भाषा: टीजीएफ-बीटाचं कुटुंब

आता बोलघेवडी अंडपेशी. ती या कुटुंबातले जीडीएफ९ आणि बीएमपी१५ हे रेणू सोडते आणि भोवतीच्या पेशींनी कसं वागायचं ते ठरवते. १९९६ मध्ये जीडीएफ९ नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा त्यांची फॉलिकल्स पेशींच्या एका थराच्या पुढे सरकलीच नाहीत. मेंढ्यांची गोष्ट याहून मजेशीर आहे. इन्व्हर्डेल मेंढ्यांत बीएमपी१५ चं जनुक एक्स गुणसूत्रावर बिघडलेलं असतं. एक प्रत बिघडली तर मेंढीला जुळी जास्त होतात, दोन्ही बिघडल्या तर ती वांझ. बुरूला मेंढ्यांत बीएमपीच्या रिसेप्टरमध्येच बदल आहे आणि त्यांना एका वेतात जास्त कोकरं होतात. हाच बदल बंगालच्या गारोल मेंढीतही सापडला. संदेश थोडा कमी झाला तर जास्त फॉलिकल्स पिकतात, अजिबात नसेल तर एकही नाही. मात्रेचा अभ्यास करताना हे डोक्यात असेल तर तुम्ही एकाच मात्रेवर समाधान मानणार नाही.

हे रेणू हाताळताना काही पथ्यं. टीजीएफ-बीटा१ ची पावडर साध्या बफरमध्ये विरघळवू नका. ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, बीएसए घालून विरघळवा. नाहीतर तो प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतो आणि तुम्ही पेशींना नुसता बफर पाजत बसता. लहान लहान वाटे करून गोठवा, वितळवलेला वाटा पुन्हा गोठवू नका.

आतल्या वाटा दोन. जीडीएफ९, अॅक्टिव्हिन आणि टीजीएफ-बीटा हे स्मॅड२ आणि ३ ला (संदेश केंद्रकात नेणाऱ्या प्रथिनांना) फॉस्फेट लावायला लावतात. बीएमपी१५ आणि बाकीचे बीएमपी स्मॅड१, ५ आणि ८ ला. पुढे दोन्हींना स्मॅड४ लागतो. म्हणून ब्लॉट (प्रथिनं प्रतिपिंडांनी ओळखायची चाचणी) करताना दोन्ही गटांची प्रतिपिंडं लावा. फक्त अपेक्षित गट बघितला तर तुमची कुपी शुद्ध आहे की तिच्यात दुसराच भाऊ मिसळलाय, हे कधीच कळणार नाही.

आणि प्राण्याची जात लिहा, ठळक अक्षरांत. उंदराची अंडपेशी बीएमपी१५ धड परिपक्व रूपात सोडत नाही, मेंढी आणि माणूस सोडतात. टीजीएफ-बीटा प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये एफएसएचला हात देतो, गाईत इस्ट्राडायॉल खाली आणतो. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवला की भांडण ठरलेलं.

फॉस्फेट पकडायचं तर

इस्ट्राडायॉलला दिवस लागतात, आरएनएला काही तास, पण फॉस्फेट मिनिटांत येतं आणि जातं. ईआरके ५ ते १५ मिनिटांत, स्मॅड साधारण ३० ते ६० मिनिटांत. २४ तासांनी लायसेट (पेशी फोडून मिळणारा द्रव) काढून "ईआरके बदलला नाही" म्हणण्यात काही अर्थ नाही.

पद्धत अशी. प्रयोगाआधी काही तास पेशी एफएसएच आणि आयजीएफ नसलेल्या माध्यमात ठेवा. मग ०, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटं असे वेळ घ्या, पण रेणू उलट क्रमाने घाला: १२० मिनिटांची वेल आधी, ५ मिनिटांची शेवटी. सगळ्या एकदम बर्फावर येतात आणि लायसेट एकाच वेळी निघतं. थंड बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इन्हिबिटर हवेच.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी पद्धतीच्या कागदात सहसा नसते. नुसतं माध्यम बदललं, प्लेट हलवली, इन्क्युबेटरबाहेर थंड झाली, तरी ईआरके उसळतो. त्यामुळे मी माध्यम बदलून रेणू देत नाही. वेलमधल्याच माध्यमाचा थोडा भाग आधी काढून घेते, त्यात रेणू दहापट तीव्रतेने मिसळते, ३७ अंशांवर ठेवते, आणि वेलच्या कडेने हळूच सोडते. आणि प्रत्येक वेळेला, फक्त शून्य मिनिटाला नाही, रेणू नसलेली सोबतीची वेल ठेवते. ही सोबतीची वेल नसेल तर ५ मिनिटांची सुंदर पट्टी तुमच्या रेणूची की तुमच्या हाताची, हे कोण सांगणार?

इन्हिबिटर

एखादी वाट अडवणारे हे रेणू ३० ते ६० मिनिटं आधी द्यायचे. पीआय३केसाठी एलवाय२९४००२, एमईकेसाठी यू०१२६, टीजीएफ-बीटाच्या बाजूसाठी एसबी४३१५४२, ईजीएफ रिसेप्टरसाठी एजी१४७८. ते ज्यात विरघळवतात तो डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखा आणि ०.१ टक्क्याच्या वर नाही. नाव एकाचं असलं तरी यातले बरेचजण शेजाऱ्यांनाही त्रास देतात: एलवाय२९४००२ एमटॉरला दाबतो, प्रोटीन कायनेज ए साठी वापरला जाणारा एच८९ आणखी अर्धा डझन कायनेजांना. एका इन्हिबिटरवर विसंबलेला निष्कर्ष मी मान्य करत नाही. दुसऱ्या घडणीचा इन्हिबिटर किंवा एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए), काहीतरी जोड द्या. वॉर्टमॅनिन माध्यमात फार काळ टिकत नाही, लांब प्रयोगात तो घेऊ नका.

वाढ वेगळी, काम वेगळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एमटीटी या रंगचाचणीत रंग वाढला म्हणजे पेशी वाढल्या, असं धरून चालतात. एमटीटी पेशी मोजत नाही, तिचा चयापचय मोजते. एफएसएचसारखा संदेश मिळालेल्या, स्टेरॉइड बनवणाऱ्या पेशींचा चयापचय बदलतो. एकही विभाजन न होता रंग गडद होऊ शकतो. वाढीसाठी ईडीयू किंवा बीआरडीयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारे रेणू) लावा, आणि शेवटी वेलमधला डीएनए मोजा.

त्याच डीएनएने इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉनला भागा. न भागलेले आकडे फसवतात: पेशी दुप्पट झाल्या आणि इस्ट्राडायॉल तेवढंच राहिलं, तर प्रत्येक पेशीचं काम निम्म्यावर आलंय. इस्ट्राडायॉल मोजायचं किट अँड्रोस्टेनडायोनला किती फसतं तेही आधी तपासा, कारण ते तुम्ही स्वतःच ओतलेलं आहे. पेशी नसलेलं नुसतं माध्यम त्याच प्लेटवर सहा दिवस ठेवून मोजलं की उत्तर मिळतं.

जनुकांत सीवायपी१९ए१ आणि एफएसएचआर वाढत्या फॉलिकलच्या बाजूचे, सीसीएनडी२ विभाजनाचं, एसटीएआर आणि एलएचसीजीआर पुढच्या टप्प्याचे, पीटीजीएस२ अंडमोचनाच्या संदेशाचं. हे सगळे एका तक्त्यात शेजारी मांडा. नवीन रेणूने सीसीएनडी२ चढलं आणि सीवायपी१९ए१ पडलं, तर तो वाढीच्या बाजूचा. एसटीएआर आणि पीटीजीएस२ चढले, सीसीएनडी२ पडलं, तर त्याने पेशीला पुढे ढकललंय. दोन्ही वेळा "परिणाम झाला" असंच लिहिता येतं, म्हणून ते लिहू नका. कुठल्या दिशेने झाला ते लिहा.

राहिली संख्या. एका दिवशी आणलेल्या अंडाशयांच्या एकत्र केलेल्या पेशी म्हणजे एन बरोबर एक, मग त्या तीन वेलमध्ये टाका की तीसमध्ये. वेल म्हणजे तुमच्या पिपेटचा हात किती स्थिर आहे त्याची परीक्षा. वेगवेगळ्या दिवशीच्या किमान तीन बॅचेस हव्यात, मी चार-पाच मागते, आणि विश्लेषणात बॅच हा वेगळा घटक म्हणून धरायला लावते. कत्तलखान्यातल्या जनावरांचं वय आणि चक्राचा दिवस आपल्या हातात नसतो. एका बॅचमध्ये एफएसएचने इस्ट्राडायॉल तिप्पट होतं, पुढच्या बॅचमध्ये दीडपट. दोन्ही बॅचेस ठेवा. फक्त एफएसएचच्या पहिल्या प्लेटवर अजिबात उत्तर न देणारी बॅच काढायची, आणि हा नियम प्रयोग सुरू होण्याआधी वहीत तारखेसकट लिहायचा.